कायनेटिक सँड: साचे बाजूला ठेवा, वाळू घ्या

कायनेटिक सँड ही मुलांच्या खेळण्याची वाळू, पाकिटातून काढल्यावर साधीच दिसते. मुठीत दाबली की घट्ट गोळा होतो, मूठ उघडली की तोच गोळा कडेने सावकाश ओघळू लागतो. मुलं खिळतात ती इथेच. यात सुमारे 98 टक्के बारीक वाळू आणि 2 टक्के सिलिकॉन तेल असतं. हे तेल उडून जात नाही, म्हणून कण एकमेकांना धरून राहतात आणि हात कोरडे राहतात.

1 किलोला चार बोटं उंच कडांचा ट्रे पुरतो. अर्ध्या किलोत दोन मुलं म्हणजे भांडण ठरलेलं! सोबत येणारे अरुंद साचे मात्र बिनकामाचे. वाळू आत अडकते आणि बुरूज अर्ध्यावर तुटतो. त्यापेक्षा वाटी आणि बोथट प्लॅस्टिकची सुरी द्या, कापलेली कड छान गुळगुळीत निघते.

वाळू भुसभुशीत झाली तर 2-3 थेंब पाणी घालून मळा. पाणी जास्त पडलं तर पसरून सुकू द्या. सांडलेले कण वाळूच्याच गोळ्याने टिपावेत. गालिच्यावर खेळ नकोच. 3 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. आणि रंग एकच घ्या, मिसळलेले वेगळे होत नाहीत.