आठ महिन्यांनंतर: हातघडणीची ईएन-३१ सुरी आणि फुटणारं गाजर

किंमत आधी सांगतो, कारण सगळा राग तिथूनच सुरू होतो: कुरियरसकट सात हजार चारशे. आठ इंची पातं, शिसवी मूठ, पितळेच्या दोन पिना. ईएन-३१ म्हणजे बेअरिंगचंच पोलाद, साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. गंजणार हे घेणाऱ्याला माहीत असतंच, त्यावर शब्द खर्च करत नाही.

कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, तक्रार शून्य. मग गाजर. सुरी निम्म्यापर्यंत जाते आणि टक्कन आवाज येतो; उरलेलं गाजर कापलं जात नाही, फुटतं. लाल भोपळ्यात आणि सुरणात तर पातं पाचर ठोकल्यासारखं अडकतं. कागद मात्र सरळ चिरते. म्हणजे दोष धारेत नाही, धारेच्या मागे आहे. धारेची चकचकीत पट्टी जिथे संपते, नेमकं तिथे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला: ०.७ मिमी. भाजीच्या सुरीला तिथे ०.२ ते ०.३ पुरे. बाजारातली दीडशे रुपयांची पत्र्याची सुरी गाजर न फोडता कापते, आणि हिला जमत नाही!

घडवणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, "धार गेली असेल, पाठवून द्या." पाठवली. बारा दिवसांनी परत आली ती केस उडतील अशा धारेची, आणि गाजर पूर्वीपेक्षा जोरात फुटू लागलं. फुटणारच. धार लावताना दर वेळी कड थोडी वर सरकते, म्हणजे पात्याच्या आणखी जाड भागात जाते. धार लावणं वेगळं आणि पातं पातळ करणं वेगळं. दुसरं टाळून पहिलंच करत राहिलं की सुरीची कुऱ्हाड होते.

हे का घडतं तेही कळतं. पाणी देण्याआधी, म्हणजे पोलाद तापवून विझवून कडक करण्याआधी, कड पाऊण-एक मिमी जाड ठेवावीच लागते. पातळ कड तेलात जाताच वाकते, कधी चिरते. शिवाय भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो, तो थर नंतर घासून काढायचा असतो. ८४५ अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवायचं, मग २०० अंशांच्या आतबाहेर दोन-दोन तास दोनदा नरमवायचं. खरी मेहनत त्यानंतर. साठ रॉकवेलचं (रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप) पोलाद ग्राइंडरच्या पट्ट्यावर ०.७ वरून ०.२५ वर आणताना महागडे सिरॅमिक पट्टे झिजतात, दर फेरीला पातं पाण्यात बुडवावं लागतं. कड निळी पडली तर ती ३०० अंशांच्या आसपास तापली, तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. आणि एवढं करून फोटोत काहीच दिसत नाही. फोटोत दिसते ती दमास्कसची, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांच्या थरांची, नक्षी.

या सुऱ्या घडवणाऱ्या मंडळींच्या कसोट्याही ताकदीच्या. १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीत जर्नीमन (उस्तादाच्या खालची पायरी) व्हायचं तर एकाच पात्याने एक इंची लटकता दोर एका घावात तोडायचा, टू-बाय-फोर (साधारण दोन बाय चार इंची) लाकूड दोनदा तोडायचं, त्याच धारेने हातावरचे केस काढायचे आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचं. कडक परीक्षा आहे, मान्य. पण तिच्यात गाजर नाही.

पाचव्या महिन्यात सुरीबद्दलचं मत बदललं. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा खरबरीत दगड घेतला आणि पातं घरीच घासून पातळ केलं. पात्याची रुंदी ४५ मिमी. पाठ दगडापासून फक्त २.५ मिमी उचलायची. कडेलगत मार्करने रंग फासायचा, म्हणजे दगड कुठे लागतोय ते दिसतं. दोन्ही बाजूंना मोजून तेवढेच घासे. तीन संध्याकाळी गेल्या. दगडाला मध्ये खड्डा पडतो, तो मधूनमधून सपाट करावा लागतो, नाहीतर पात्यावर लाटा उठतात. दोन्ही अंगांना साडेतीन-चार मिमीची नवी उतरण पडली, जाडी ०.३. मग १००० नंबरच्या दगडावर पाठ ११-१२ मिमी उचलून, म्हणजे प्रत्येक बाजूला १५ अंशांनी, धार. आता गाजराची चकती आवाज न करता खाली पडते. धार तीन आठवडे टिकते, तेव्हा पोलादावरचे आणि पाणी देण्यावरचे सगळे संशय मागे. ते काम त्या माणसाने उत्तम केलंय, म्हणून तर जास्त चीड येते.

बाकी किरकोळ. कैरी, कांदा चिरून पातं राखाडी-निळं झालं, विळीसारखंच; पुसून खोबरेल लावलं की भागतं. करडई-सूर्यफुलाचं तेल नको, चिकट थर धरतो. मूठ पावसाळ्यात फुगली, थंडीत आकसली, आता पोलादाची कड बोटाला लागते. लाकडाऐवजी कापडी हायलम (कापडाचे थर राळेत दाबून केलेला कडक पत्रा) मागायला हवं होतं.

मागवणार असाल तर रॉकवेलचा आकडा विचारू नका. धारेच्या चकचकीत पट्टीचा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. १५ अंशांच्या धारेला ती अर्धा मिमी रुंद असेल तर मागची जाडी पाव मिमी. सव्वा-दीड मिमी दिसली तर गाजर फुटणार.

पोलादाला साडेचार तारे, मुठीला तीन, घासाईला एक. परत पाठवायच्या कुरियरचे तीनशे वीस रुपये "देतो" म्हणाले होते, अजून आलेले नाहीत.