‘नवीन इंजिन आहे, थोडे ऑइल पिणारच’: एका सर्व्हिस सेंटरचा अनुभव

हा अभिप्राय गाडीपेक्षा तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरविषयी अधिक आहे. माझी गाडी एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची. १,००० किलोमीटरच्या पहिल्या तपासणीत डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरची, पातळी वरच्या खुणेला टेकलेली होती. ३,२०० किलोमीटरला मी सहज म्हणून डिपस्टिक ओढली, तर तिच्या टोकाशी, खालच्या खुणेच्याही जरा खाली, ऑइलची पुसट कड दिसली. दोन खुणांमधले अंतर या गाडीत साधारण एक लिटरचे आहे, म्हणजे २,२०० किलोमीटरमध्ये एक लिटरहून किंचित जास्त ऑइल संपले होते. जमिनीवर थेंब नव्हता, डॅशबोर्डवरचा लाल दिवाही लागलेला नव्हता. तो दिवा ऑइलचा दाब घसरल्यावर लागतो, पातळी घसरल्यावर नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते आणि गाडी ताब्यात देताना कोणी सांगतही नाही.

गाडी ताब्यात देतानाचीच तक्रार आधी नोंदवतो. ‘पहिले दीड हजार किलोमीटर जपून चालवा, ऐंशीच्या वर नेऊ नका’ एवढाच सल्ला मला मिळाला आणि तो मी इतका तंतोतंत पाळला की पहिल्याच आठवड्यात महामार्गावर ताशी ७५ च्या एकाच वेगाने जवळजवळ ६०० किलोमीटर गाडी चालवली. मॅन्युअल नंतर वाचले. त्यात वेग सतत कमीजास्त करावा, इंजिन पूर्ण ताणू नये आणि वरच्या गिअरमध्ये रेटूही नये, असे स्पष्ट लिहिले होते. सिलिंडरच्या आतील भिंतीवर मुद्दाम बारीक तिरकस रेघा ओढलेल्या असतात. ज्वलनाच्या दाबाने पिस्टनच्या रिंगा बाहेर रेटल्या जातात, त्या रेघांचे उंचवटे घासून निघतात आणि मग रिंगा बसतात. इंजिनावर पुरेसा भारच पडला नाही, तर हा दाब कमी पडतो, भिंतीवर गुळगुळीत चकाकी धरते आणि ऑइल पुसून घ्यायचे ते मागे राहून जळते. त्यामुळे नुसते ‘जपून चालवा’ हा अर्धा सल्ला आहे, आणि माझ्या बाबतीत तो उलटच ठरला असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

पहिल्या भेटीत सल्लागारांनी डिपस्टिक पाहिली, एक लिटर ऑइल ओतले आणि शीर्षकातले वाक्य ऐकवले. कंपनीने मान्य केलेली मर्यादा १,००० किलोमीटरला अर्धा लिटर आहे, तुमची गाडी तिच्या आत आहे, असेही ते म्हणाले. हिशोबाने ते बरोबर होते, पण जेमतेम. मला खटकले ते हे, की ओतलेल्या ऑइलची नोंद जॉब कार्डवर नव्हती. ती मी आग्रहाने करून घेतली, कारण अशा तक्रारीत पुढे उपयोगी पडते ती केवळ लेखी नोंद. त्याच काउंटरवर मला जाड ऑइलही सुचवण्यात आले. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० ही पातळ ऑइलची श्रेणी लिहिलेली असताना त्याहून जाड ५डब्ल्यू-४० भरल्याने खप कदाचित कमी दिसला असता, पण कारण तिथेच राहिले असते आणि वॉरंटीच्या वेळी वादाला निमित्त मिळाले असते. मी नकार दिला.

त्यानंतर दर ५०० किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी मी पातळी पाहून तक्त्यात नोंदवत गेलो. पुढच्या २,००० किलोमीटरला ८०० मिलिलिटर लागले. हा तक्ता समोर ठेवल्यावर मात्र सेंटरचा सूर बदलला, आणि इथून पुढच्या कामाबद्दल मी त्यांचे मनापासून कौतुक करतो. वर्कशॉपच्या प्रमुखांनी स्वतः ऑइलच्या खपाची चाचणी लावली. जुने ऑइल गरम असताना काढून अर्धा तास निथळू दिले, फिल्टर बदलला, ३,०६० ग्रॅम नवे ऑइल वजन करून भरले आणि ड्रेन प्लग, भरायचे झाकण व डिपस्टिक या तिन्हींना सील लावले. १,००० किलोमीटरनंतर तितकाच वेळ निथळून काढलेले ऑइल २,७४० ग्रॅम भरले. ३२० ग्रॅम म्हणजे सुमारे पावणेचारशे मिलिलिटर. माझ्या तक्त्याशी ते जुळले.

तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवा दाबल्यावर आत तयार होणारा दाब, सारखे निघाले. ‘म्हणजे रिंगा ठीक’ असे एका मेकॅनिकने लगेच म्हटले, त्यावर प्रमुखांनी त्याला थांबवले. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगांचे सांगते. ऑइल खरवडणारी खालची रिंग कार्बनने अडकली, तरी आकडे चांगलेच येतात. मग त्यांनी टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप सोडवून आतून बोट फिरवले. बोट तेलकट निघाले, आणि तेही नुसते ओशट नव्हे, तर टपकण्याइतके ओले. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, वाफ परत इंजिनात सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह नीट मिटत नसल्याने तिच्याबरोबर ऑइलही ओढले जात होते. या इंजिनात तो व्हॉल्व्ह वरच्या कव्हरमध्येच बसवलेला असल्याने पूर्ण कव्हर वॉरंटीत बदलले गेले. तो भाग यायला तीन आठवडे लागले, त्या काळात एकदाही आपणहून फोन आला नाही.

गाडी परत देताना या वेळी सल्ला पूर्ण मिळाला: इंजिन गरम झाल्यावर चढावर मध्यम भार द्या, उतारावर गिअरमध्येच वेग कमी होऊ द्या, थंड इंजिनाला ताणू नका. शिवाय एक इशारा, की फक्त छोट्या फेऱ्या झाल्या आणि पातळी अजिबात उतरली नाही, तर तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळूनही पातळी टिकलेली दिसते.

८,००० ते १२,००० किलोमीटरच्या दरम्यान अर्धा लिटर ऑइल लागले, म्हणजे खप आधीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला. यात कव्हरचा वाटा मोठा असावा, पण रिंगा उशिरा बसल्या हेही कारण असू शकेल. तपासणी आणि दुरुस्तीसाठी मी या सेंटरला पाचपैकी चार तारे देईन, गाडी ताब्यात देतानाच्या माहितीसाठी एक आणि काउंटरवरच्या जाड ऑइलसाठी शून्य. तिथे जाणाऱ्यांनी सल्लागाराशी वाद न घालता किलोमीटर आणि मिलिलिटरचा तक्ता घेऊन थेट वर्कशॉपच्या प्रमुखांची वेळ मागावी.