खाली पाक की वर आयसिंग: स्टिकी बन आणि सिनेमन रोल

जाऊबाईंनी नवा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, घेतला आणि आठवड्याच्या आत त्यांचा फोन आला. रविवारी नाश्त्याला पाच माणसं आहेत, सिनेमन रोल करू की तू करतेस ते अक्रोडाचे चिकट बन? फोनवर "दोन्ही छान" म्हणून सुटले खरी, पण ते काही उत्तर नव्हे.

पीठ दोन्हींचं एकच. ४०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५० ग्रॅम साखर, चमचाभर मीठ, २०० मिली कोमट दूध, एक अंडं. मळत आलं की ६० ग्रॅम मऊ बटर थोडं थोडं जिरवायचं. अंडं चालत नसेल तर दूध ४० मिली वाढवा. मे महिन्यात हे पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, पुण्याच्या डिसेंबरात दीड-दोन तास अंग धरून बसतं, त्यामुळे वेळ लिहून देण्यात अर्थ नाही. मग मोठी पोळी लाटायची, बटर, ब्राउन शुगर आणि दालचिनी पसरायची आणि अळूवडीचा उंडा वळतो तसं घट्ट वळायचं. सुरीने कापलं तर गोल चेपतो. शिवणाचा जाड दोरा उंड्याखालून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून ओढायची. चकती अलगद सुटते, आतली गुंडाळी जशीच्या तशी. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी गरज नसताना सगळा उंडा दोऱ्यानेच संपवला.

यापुढे दोघांच्या वाटा वेगळ्या. रोल भाजून झाल्यावर त्याला वरून गोड घालतात. अमेरिकेत क्रीम चीजचा जाड थर. स्वीडनमध्ये पिठातच वेलची आणि वर साखरेचे पांढरे खडे. तिकडे १९९९ पासून दरवर्षी ४ ऑक्टोबरला या रोलचा दिवसच साजरा करतात. स्टिकी बनचं गोड मात्र टिनच्या तळाशी असतं. बटर-साखरेचा पाक, त्यावर अक्रोड किंवा पिकान (अक्रोडासारखाच एक अमेरिकी सुकामेवा), त्यावर चकत्या, आणि भाजल्यावर सगळं उपडं. हा प्रकार फिलाडेल्फियाचा. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात आलेल्या जर्मन लोकांनी आपले 'श्नेकन' सोबत आणले, त्यातून तो आला. श्नेकन म्हणजे गोगलगायी. वळलेल्या चकतीकडे पाहिलं की नाव पटतं.

नवशिक्या हाताला रोल सोपा, यात वाद नाही. तो मधोमध किंचित कच्चा वाटला तर आणखी पाच मिनिटं ठेवता येतो, आयसिंग पातळ झालं तर पिठीसाखर घालता येते. बनमध्ये पाक एकदा टिनमध्ये गेला की तुमच्या हातात काही उरत नाही. म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते.

२३ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये नऊ बन बसतात. त्याला ७५ ग्रॅम बटर, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे मध, दोन मोठे चमचे क्रीम आणि चिमूट मीठ पुरतं. मध चवीपुरता नाही, त्यामुळे साखर पुन्हा दाणेदार होत नाही. हे सगळं गॅसवर फक्त विरघळवायचं. उकळत ठेवलं तर पाक पुढे जातो, टिनमध्ये आणखी आटतो आणि बनखाली चिक्की तयार होते. खरंच चिक्की, दाताला कटकन लागणारी. ब्राउन शुगरऐवजी गूळ घ्यायला हरकत नाही, मला तर त्याची चव जास्त आवडते. फक्त दुकानदाराने चिक्कीचा गूळ दिला नाही ना हे बघा. तो कडक होण्यासाठीच असतो. आपल्याला पुरणपोळीचा मऊ गूळ हवा.

आणि टिन अखंड तळाचं. मी एकदा सुट्या तळाच्या केक टिनमध्ये बन लावले. वीस मिनिटांत पाक खालच्या रॉडवर ठिबकला, स्वयंपाकघर धुराने भरलं आणि सासऱ्यांनी बाहेरून विचारलं, "कापूर लावलास का?"

सुकामेवा कुठला? पिकान आयातीचा आणि महाग, आणि खरं सांगायचं तर इतक्या गोडात त्याचं वेगळेपण फारसं कळत नाही. अक्रोडाचा किंचित कडवटपणा इथे उपयोगी पडतो. काजू घालून पाहिले. पाकात मऊ पडले, बासुंदीत पडल्यासारखे. कोणताही घ्या, आधी कोरडा भाजा. वर बनची वाफ असल्याने तो टिनमध्ये खमंग होईल या भरवशावर राहू नका.

भाजण्याचं तापमान दोन्हींना १८० अंशच. रोल २२ ते २५ मिनिटांत होतो, बनला तळाशी पाक असल्याने तीसेक मिनिटं लागतात. थर्मामीटर असेल तर मधल्या बनमध्ये ८८ ते ९० अंश दिसले पाहिजेत. ओव्हन नसेल तर मीठ घातलेल्या कढईत झाकण ठेवून रोल जमतो, फक्त वरून पांढरट राहतो. बन कढईत नको. सगळी आच खालून, त्यामुळे पाक आधी करपतो आणि पीठ नंतर शिजतं.

टिकण्याच्या बाबतीत आयसिंगवाला रोल मागे पडतो. क्रीम चीज म्हणजे फ्रिज आला, आणि फ्रिजमध्ये पाव लवकर सुकतो. बन दुसऱ्या दिवसापर्यंत डब्यात बाहेर राहतो, खाताना थोडा गरम केला की पाक पुन्हा सैल होतो. पण कुणाच्या घरी न्यायचे तर रोल न्यावेत आणि आयसिंग वेगळ्या डबीत. बन नेले तर डबा, पिशवी आणि रिक्षाची सीट, तिन्ही चिकट होतात.

जाऊबाईंना मी शेवटी बनच सांगितले, कारण पाचही माणसं घरात टेबलाशी असणार आहेत. शनिवारी रात्री चकत्या पाकावर लावून टिन झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. रविवारी सकाळी तासभर बाहेर, चकत्या एकमेकींना टेकल्या की ओव्हनमध्ये. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबायचं. लगेच उपडं केलं तर पाक पाण्यासारखा ताटभर पळतो, पंधरा मिनिटं थांबलं तर अक्रोड टिनलाच चिकटून बसतात. ताट टिनपेक्षा मोठं आणि काठाचं घ्यायचं, हातात जाड फडकं, आणि पोरांना जरा लांब उभं करायचं, कारण हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो. रिकामं टिन लगेच गरम पाण्यात बुडवा. गार झालेला पाक खरवडायची वेळ आली तर मला फोन करू नका, मी उचलणार नाही.