मेरिनो लोकरीचा पातळ स्वेटर : एसीच्या कचेरीत आठ महिने

माझ्या कचेरीत एसीचा झोत नेमका माझ्या टेबलावर येतो. सकाळी कीबोर्डवर बोटे आखडतात आणि दुपारी खिडकीतून ऊन आत आले की त्याच खुर्चीत बसवत नाही. तापमान ठरवणे माझ्या हाती नसल्यामुळे गेले आठ महिने मी मेरिनो लोकरीचा, पुढून बटणांचा आणि पूर्ण बाह्यांचा एक पातळ स्वेटर जवळजवळ रोज कामाला घालते आहे. त्यापूर्वी मी फ्लीसचे जाड जॅकेट वापरत असे. ते घातले की थोड्याच वेळात घाम फुटे आणि काढले की हुडहुडी भरे.

एवढ्या पातळ स्वेटरने काय होणार, अशी मला शंका होती. कपड्याची ऊब ‘क्लो’ या एककात मोजतात. पूर्ण बाह्यांच्या पातळ स्वेटरची ऊब साधारण ०.२५ क्लो, तर जाड स्वेटरची ०.३६ क्लो धरली जाते, आणि बैठ्या कामात ०.१ क्लोची भर पडली की खोली अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड असली तरी चालते. म्हणजे हा स्वेटर दीड अंशाच्या आसपास सांभाळून घेतो आणि माझ्या अनुभवात बहुतेक दिवस तेवढे पुरते.

त्याचा खरा गुण बैठकीच्या खोलीत कळतो. शांत बसलेला प्रत्येक माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे दार बंद करून दहा जण बसले की खोली लवकरच तापते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही, म्हणून तिथून परत झोताखाली येऊन बसल्यावर घामाने भिजलेल्या सुती कपड्यासारखा पाठीला गारठा लागत नाही. बाह्या कोपरापर्यंत सारल्या की तिथेच राहतात, आणि मनगटाची वीण अजून सैल पडलेली नाही. बिनबाह्यांचा स्वेटर मात्र मी सुचवणार नाही. शरीर थंडावू लागले की हातापायांचा रक्तपुरवठा आधी कमी होतो, त्यामुळे दंड आणि छाती झाकलेली असली तरच बोटे मोकळी चालतात.

झोत थेट अंगावर येत असेल, तर विणीच्या छिद्रांतून वारा आत शिरतो आणि हा स्वेटर कमी पडतो. मला शेवटी खुर्ची हातभर बाजूला सरकवावी लागली. धुण्याचीही काळजी घ्यावी लागते. गार पाण्यात हाताने धुऊन, न पिळता, सपाट पसरूनच तो वाळवावा. एकदा मी तो ओला असताना हँगरला टांगला आणि त्याची लांबी दोन बोटे वाढली, ती वाढलीच. न धुता ठेवलेल्या लोकरीला कसर लवकर लागते, म्हणून सुट्टीपूर्वी तो कचेरीच्या ड्रॉवरमध्ये तसाच ठेवू नये.

माझी मोठी तक्रार कोपरांबद्दल आहे. टेबलाच्या कडेला घासून दुसऱ्याच महिन्यात तिथे लोकरीचे गोळे आले आणि सहाव्या महिन्यात उजव्या कोपराची वीण विरून भोक पडले. स्वेटरबरोबर एक जादा बटण मिळाले होते. त्याऐवजी त्याच रंगाच्या लोकरीचा वावभर धागा दिला असता, तर कोपरावरचे रफू आज इतके उठून दिसले नसते.