तांबड्या रश्श्यापुढं कोण भारी, तोंडाचं अस्तर की पोटाचं?
मिसळीचा कट ओरपताना मला नेहमी हाच प्रश्न पडतो. दोन्हीकडं आतून श्लेष्मल त्वचाच, म्हणजे ओलं बुळबुळीत अस्तर, पण बांधणी लई वेगळी. तोंडातली पेशींच्या बऱ्याच थरांची, चावून घासून वरचे झडले तरी खालून नवीन येतात, ओलावा मुख्यतः लाळेचा. पोटात मात्र पेशींचा एकच थर आणि समोर पीएच १ ते २ चं, म्हणजे लई जहाल ॲसिड! मग टिकतो कसा, तर त्याच पेशी जाड चिकट म्युकस सोडतात, त्यात बायकार्बोनेट मुरलेलं, त्यामुळं ॲसिड पेशीपर्यंत पोचेस्तोवर मवाळ होतं, शिवाय वरच्या पेशी काही दिवसांतच बदलतात. माझं मत पोटाला. फक्त आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या सारख्या खाल्ल्या की हे म्युकसच कमी बनतं राव, मग रश्श्याला कशाला शिव्या घालायच्या?