बुडेसोनाईडचा पंप : पंपाला चार तारे, नळीला पाच

सोलापुरातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये दम्याचा रोजचा पंप मागा, पंप हातात पडतो. चिठ्ठीवर त्याच्याखाली लिहिलेला स्पेसर मात्र पुष्कळदा काउंटरवरच राहतो. 'एवढ्या प्लॅस्टिकच्या नळीला काही शे रुपये कशाला घालायचे' हा हिशेब. हा हिशेब चुकतो. स्टिरॉइडचा पंप सुरक्षित राहतो तो या नळीमुळे आणि चूळ भरण्यामुळे, म्हणून इथे परीक्षण दोन्हींचं एकत्र केलं आहे : फवाऱ्याला २०० मायक्रोग्रॅमचा, २०० फवाऱ्यांचा, बुडेसोनाईड या स्टिरॉइडचा दाबाचा पंप आणि दोन भाग जोडून होणारा झडपेचा स्पेसर.

आधी स्टिरॉइडच्या धसक्याबद्दल. मोठ्या माणसाला दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड हा कमी डोस, ४०० च्या वर ८०० पर्यंत मध्यम. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना १०० ते २०० हा कमी डोस. मोठ्या अ‍ॅटॅकला डॉक्टर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात तेव्हा ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम एका दिवसात पोटात जातं. औषधं वेगळी असल्याने वजनाची तुलना काटेकोर नाही, पण अंदाज येतो. पंप टाळून वर्षातून तीन-चारदा गोळ्यांचा कोर्स घेणारा माणूस स्टिरॉइड वाचवत नसतो, कितीतरी जास्त खात असतो. आणि 'पंपाची सवय लागते' म्हणाल तर चष्म्याचीही लागते.

आता नळी का. पंप दाबला की औषध जोरात सुटतं. थेट तोंडात मारलं तर बरंचसं जिभेवर आणि घशात आदळतं. हात बसलेल्या माणसाचंसुद्धा साधारण १० ते २० टक्केच फुप्फुसात पोचतं. घशात राहिलेल्या औषधानेच आवाज बसतो आणि तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसरमध्ये वेग मोडतो, मोठे थेंब नळीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि बारीक थेंब श्वासाबरोबर खाली उतरतात. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवायची कसरतही सुटते. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना तर नळीशिवाय पंप देऊच नये.

घ्यायची रीत अशी. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन फवारे हवेत सोडा. पंप स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा, ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, तोंडाचं टोक दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. एक फवारा दाबा आणि लगेच तीन ते पाच सेकंद लावून सावकाश ओढा. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. तेवढा रोखता येत नसेल तर नळीतूनच पाच-सहा साधे श्वास घ्या. दुसरा फवारा असेल तर अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम नळीत भरून एका दमात ओढणं ही इथली सर्रास चूक. थेंब एकमेकांना चिकटतात आणि डोस कमी मिळतो. छोट्या मुलाला मास्क लावताना नाकातोंडाभोवती फट राहू देऊ नका. मूल रडत असेल तर थांबा, रडताना औषध खाली जात नाही.

शेवटी चूळ. पाणी तोंडात घोळवा, घशात गुळण्या करा आणि थुंका, गिळू नका. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या वस्तीतही एवढ्या दोन घोटांची काटकसर नको. सकाळ-संध्याकाळचा पंप दात घासायच्या आधी ठेवला की हे आपोआप होतं.

नळी आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि तशीच निथळत ठेवा. आतून फडक्याने पुसलीत की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. कोऱ्या नळीलाही हेच लागू, म्हणून पहिल्या वापराआधी धुवा. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग राहतात, पिण्याचं पाणी वापरा. झडप वाकली किंवा चिकटली तर नळी बदला. पंपाची धातूची डबी मात्र कधी भिजवू नका. ती काढून फक्त प्लॅस्टिकचा भाग धुवा आणि रात्रभर वाळू द्या. भोकापाशी पांढरी भुकटी साचली की फवारा तिरका आणि अर्धा येतो.

पंपाचा एक तारा कापला तो मोजणीपायी. ज्या डबीवर काउंटर नाही, तिच्यात किती उरलंय ते बाहेरून कळत नाही. पाण्यात टाकून तरंगते का बघायची जुनी युक्ती फसवी आहे, वर पाणी झडपेत शिरतं. २०० फवारे संपल्यावरही डबी फुसफुसते, पण त्यात औषध नसतं, नुसता वायू असतो. म्हणून फोडल्याची तारीख मार्करने लिहा : सकाळी एक, संध्याकाळी एक घेत असाल तर १०० दिवस, दोन-दोन असतील तर ५०.

दुसरी अडचण सोलापूरच्या उन्हाची. खोक्यावर ३० अंशांखाली ठेवा म्हणून छापलेलं असतं आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर. आतल्या खोलीतलं, भिंतीतलं कपाट चालेल. स्कूटरच्या डिकीत किंवा कारच्या काचेमागे मात्र दाबाची डबी ठेवूच नका, फुटू शकते. कॅप्सूलमधली भुकटी ओढायचा कोरडा पंप उन्हाला थोडा बरा, त्याचं वैर ओलाव्याशी. त्यात जोरात आणि खोल ओढावं लागतं, दाबाच्या पंपाच्या नेमकं उलट, शिवाय यंत्रात फुंकायचं नाही. दोन्ही प्रकार घरात असले की रीत हमखास अदलाबदल होते.

हा पंप धाप लागल्यावर घेण्याचा नव्हे. फरक काही दिवसांत जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत थंडी आणि दारूकामाचा धूर एकत्र येतो, तेव्हा पंप शोधणारे बरेच; तो डिसेंबरात चालू असायला हवा होता. सालबुटामोलचा आराम देणारा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागतोय, किंवा त्याच्या २०० फवाऱ्यांच्या तीन डब्या वर्षात संपतात, तर दमा ताब्यात नाही असं समजा. २०१९ पासून जागतिक दमा मार्गदर्शक तत्त्वांत १२ वर्षांवरच्या रुग्णाला नुसत्या सालबुटामोलवर ठेवू नये असंच सांगितलं आहे. रंगावरून पंप ओळखू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. नाव वाचा.

एक इशारा पत्रकात बारीक अक्षरात असतो आणि दुकानात कोणी सांगत नाही. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल चालू असतील तर बुडेसोनाईड शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि साठत जातं. चेहरा सुजणं, वजन वाढणं असे गोळ्यांसारखे परिणाम पंपानेही दिसू शकतात. त्वचेच्या डॉक्टरांना पंपाचं सांगा. फ्लुटिकासोन या पंपातल्या दुसऱ्या स्टिरॉइडलाही हेच लागू. गरोदरपणात मात्र घाबरून पंप बंद करू नका. बुडेसोनाईड त्या काळात चालतं, आईला लागलेली धाप बाळाला जास्त घातक.

लूमवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच छाती आवळत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. तो कापसाच्या धुरळ्याचा आजार असू शकतो आणि डोस वाढवून तो सुटत नाही. घरी विड्या वळणाऱ्यांकडे तंबाखूची धूळही घरातच उडत असते. पंप घेऊन तीच धूळ ओढत राहिलं तर पंप बिचारा काय करणार?

बरं वाटलं म्हणून स्वतःहून सोडू नका. सुमारे तीन महिने दमा शांत राहिला की डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात. मुलांच्या उंचीवर थोडा परिणाम होतो, मोठेपणी साधारण १ सेंटिमीटर. म्हणून कमीत कमी पुरेसा डोस आणि अधूनमधून उंचीची मोजणी. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील तर हे परीक्षण बाजूला ठेवा : आराम देणाऱ्या पंपाचे चार फवारे एकेक करून नळीतून देत सिव्हिल किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

खरेदी करताना काउंटरवरच नळी जोडून बघा, पंप तिच्या मागच्या भोकात घट्ट बसतो ना ते तपासा आणि श्वास ओढताना झडप हलते ना ते पाहा. एका कंपनीच्या नळीत दुसरीचा पंप कधी सैल बसतो, आणि फटीतून जाणारं औषध दुकानातल्या हवेला मिळतं.