लॉन कुत्र्यानं खणलं, खड्ड्यात मी पडलो

30,548 रुपयांना फसलो. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण पोलीस ठाण्यात तो चार वेळा विचारला गेला आणि चारही वेळा समोरचा गालात हसला.

मी बेळगावातल्या एका पतसंस्थेत 19 वर्षं कॅशियर आहे. ‘पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही’ हा कागद माझ्याच खिडकीवर लावलाय. मीच लावलाय, सेलोटेपनं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

ब्रुनो आमचा, लॅब्राडॉर, सात महिन्यांचा. टिळकवाडीत घरापुढं जेमतेम चारशे स्क्वेअर फूट लॉन आहे, आईच्या पंचाहत्तरीला हौसेनं घातलेलं, तेव्हा 11,200 रुपये गेले होते. श्रावण लागला आणि यानं खणायला घेतलं. रोज सकाळी नवा खड्डा, तांबडी माती पार पायरीपर्यंत, आणि हा नाकाला चिखल लावून शेपूट हलवत उभा. आईनं जाहीर केलं, गणपतीला पाहुणे यायच्या आत एक तर कुत्रं जाईल, नाही तर मी चंदगडला भावाकडं जाईन. अशा वेळी माणूस काय करतो? मोबाईल बघतो.

फेसबुकवर जाहिरात आली. ‘खोदणं, चावणं, भुंकणं 21 दिवसांत बंद. निवृत्त फौजी डॉग ट्रेनर, बेळगाव.’ फोटोत वर्दी, शेजारी जर्मन शेफर्ड. आता मला सांगा, बेळगावात फौजी म्हटल्यावर कोण संशय घेतो? मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, गल्लीगल्लीत एखादा सुभेदार नाही तर हवालदार. माझे सख्खे मामा फौजेत होते. आपली नाडी ओळखूनच हे लोक जाहिरात टाकतात.

पुढचं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असणार. नोंदणी 1,500. निम्मी फी आगाऊ, 6,800. कंप मारणारी खास कॉलर, 4,999. मग कुत्र्याला कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, आत न्यायचा पास, त्याचं ‘परत मिळणारं’ डिपॉझिट 7,250. परत मिळणारं म्हटलं की समजा, गेलं.

पण मला खरा राग कशाचा येतो सांगू? पहिल्याच फोनवर तो म्हणाला होता, “मी कॅम्पात राहतो सर, टिळकवाडीला यायला अर्धा तास लागेल.”

अर्धा तास! रेल्वेचं पहिलं गेट पडलेलं असलं आणि मालगाडी निवांत चालली असली, तरी स्कूटरवरून कॅम्पातून आमच्याकडं यायला पंधरा मिनिटांवर लागत नाहीत. शाळेतलं पोरगं सांगेल. तो माणूस बेळगावात कधी पाऊलसुद्धा ठेवलेला नव्हता, आणि मी “हो हो, सावकाश या” म्हणालो. त्या वाक्याला फोन ठेवला असता तर एक रुपया गेला नसता. रात्री झोपताना अजून तो अर्धा तास कानात वाजतो.

दुसरी गोष्ट, तो म्हणे इथल्या सेंटरमध्ये फौजेची कुत्री तयार करायचा. अहो, फौजेची कुत्री मेरठला तयार होतात. आपल्या शेजारच्या मुधोळची कुत्री तिकडं ट्रेनिंगला नेली, तेव्हा इथल्या पेपरात छापून आलं होतं. मीही वाचलं होतं. वेळेवर आठवलं नाही, एवढंच.

शेवटी त्याचा फोन आला, पास नामंजूर झाला, सगळे पैसे परत देतो, आधी 9,999 येतील, क्यूआर स्कॅन करा. संध्याकाळचे पावणेसात, आई आतून ओरडत होती की नवा खड्डा पडला. मी स्कॅन केलं, पिन टाकला. आले नाहीत, गेले. फसवणूक कळली की त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. मी लाजेपोटी तीन दिवस घरात कुणाला बोललोच नाही. तोवर पैसे तीन खाती फिरून कुठं गेले कोण जाणे.

आता ठाण्याचं ऐका. कुठलं ते लिहीत नाही, उगाच नवी कटकट नको. मराठीत अर्ज नेला, तर कन्नडात लिहून आणा. मला कन्नड बोलता येतं की, लिहिता येत नाही. राज्यघटनेचं कलम 350 सांगितलं, की राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं. साहेबांनी पंखा वाढवला. 1956 पासूनचं रडगाणं इथं नको, पण माझ्या चोरीलासुद्धा भाषा लागावी? शेजारच्या काकांकडून कन्नडात लिहून नेलं. हवालदारानं वाचलं आणि म्हणाला, “नायिग इष्टु रोक्क?” कुत्र्यासाठी एवढे पैसे? सगळं ठाणं हसलं. मग म्हणे, खातं बाहेरच्या राज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंद घ्यावी लागते. हेही मीच सांगायचं. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणतो, पिन तुम्हीच टाकलात की. कॅशियरला हे कॅशियरच्याच सुरात ऐकावं लागलं.

कुत्रं न बघता फी मागतो तो ट्रेनर नव्हे. व्हिडिओ कॉलला कॅमेरा बंद ठेवतो, तो तर नव्हेच.

अखेर जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो, 200 रुपये फी. ते घरी आले, खड्ड्याच्या कडेचं गवत दोन बोटांनी धरून ओढलं, तर चटई उचलावी तसं उचललं गेलं. खाली हुमणी! पांढऱ्या, वाकड्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या. उसाच्या शेतात असतात त्याच. ब्रुनो वासावरून त्याच उकरत होता. औषध म्हणून विषारी काही टाकू नका म्हणाले, कुत्रं पाय चाटतं. त्याशिवाय या वयात कंटाळा आला तरी कुत्रं खणतंच. म्हणून सकाळ-संध्याकाळ फिरवायचं, आणि सावलीत एक कोपरा वाळूचा करून त्यात त्याचा चेंडू पुरून ठेवायचा, म्हणजे खणायची हौस तिथं भागते. खणून तासाभरानं रागावलात तर त्याला काही कळत नाही, खणताना धरलं तरच. मी आठवडाभर उगाच ओरडत होतो त्याच्यावर.

परवा त्या नंबरचा फोटो बदलला. वर्दी गेली, आता ‘फ्रिज दुरुस्ती, घरपोच’. नंबर तोच. स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो, तर रंगीत दोन झेरॉक्स आणि कन्नडात नवा अर्ज मागितला. काका सध्या गावाला गेलेत.